झडप बदललेल्या माणसाचा ताप: आधी कल्चर, मग अँटिबायोटिक

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरातल्या मुलाने विचारलं आहे. आई ५२ वर्षांची. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे तिच्या हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खराब झाली होती, ती १४ महिन्यांपूर्वी काढून धातूची बसवली. गेले पाच आठवडे रोज संध्याकाळी ताप येतो, अंगात कसकस असते, जेवण जात नाही, वजन चार किलो उतरलं. गावातल्या डॉक्टरांनी विडाल ही रक्ततपासणी पाहून टायफॉइड म्हणून पाच दिवस शिरेतून इंजेक्शनं दिली. ताप गेला, आठवड्याने परत आला. दुसरा कोर्स झाला, पुन्हा तेच. मग लातूरला इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, रिपोर्टात झडप व्यवस्थित. ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत उगवतात का ते पाहिलं, तर 'नो ग्रोथ', काही उगवलं नाही. आता टीबीची औषधं सुरू करून बघू असं चाललंय. मुलाचं विचारणं असं: झडपेत इन्फेक्शन असेल का, असेल तर इकोत का दिसलं नाही, परत ऑपरेशन करावं लागेल का आणि हे टाळता आलं असतं का.

मुद्द्याचं आधी सांगतो. हो, झडपेचं इन्फेक्शन असू शकतं. कृत्रिम झडप असलेल्या माणसाचा ताप आठवडाभर हटला नाही आणि ठोस कारण सापडलं नाही, तर झडपेत इन्फेक्शन आहे असं धरून चालायचं आणि ते नाही हे दाखवायची जबाबदारी तपासण्यांवर टाकायची. तुम्ही कळवलेल्यातली एकही गोष्ट ही शक्यता खोडत नाही. इको नॉर्मल असल्याने खोडली जात नाही, 'नो ग्रोथ'ने जात नाही, विडालने तर नाहीच नाही. उलट औषध चालू असताना ताप जाणं आणि थांबवल्यावर आठवड्यात परतणं, हेच मला जास्त खटकतं. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण एवढ्या माहितीवर त्यांना हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात याच आठवड्यात दाखवा, आणि टीबीची औषधं तोवर सुरू करू नका.

आता कारणं. आपल्या मूळच्या झडपेवर एक जिवंत, गुळगुळीत अस्तर असतं. रक्तात अधूनमधून जंतू येतातच, दात घासतानाही येतात, पण त्या अस्तरावर त्यांना सहसा पाय रोवता येत नाही. कृत्रिम झडपेची गोष्ट वेगळी. तिची तबकडी कितीही गुळगुळीत असली तरी ती हृदयाला जोडलेली असते एका कापडी कड्याने, टाक्यांनी. आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली झडप बसते. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ती घडली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. तिचंही शिवायचं कडं पॉलिएस्टरच्या कापडाचंच आहे. देशी असो की परदेशी, धातूच्या झडपेत इन्फेक्शन बहुधा या कड्यापासून सुरू होतं. तिथून ते आजूबाजूच्या मांसात शिरतं, पू धरतो, टाके सुटतात आणि झडपेच्या कडेने रक्त गळायला लागतं. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेत ते पाकळ्यांवरही धरतं, तिथे जंतू आणि गुठळी मिळून गाठी लोंबतात. त्यांना आम्ही व्हेजिटेशन म्हणतो. मांडीतून तार घालून बसवायच्या नव्या झडपांनाही यातून सूट नाही.

कापडावर बसलेले जंतू स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो आणि नुसतं पाणी बदलून तो जात नाही, तसं समजा. त्या थराच्या आत जंतू अगदी संथ जगतात, आणि आपली बहुतेक अँटिबायोटिक्स भराभर वाढणाऱ्या जंतूंना मारण्यात पटाईत असतात. म्हणून पाच दिवसांच्या इंजेक्शनांनी रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि थरातले उरलेले पुन्हा डोकं वर काढतात. तुमच्या आईंच्या बाबतीत दोनदा घडलं ते या वर्णनात नेमकं बसतं.

हे जंतू येतात कुठून, याचं उत्तर ऑपरेशनला किती काळ लोटला यावर बरंचसं ठरतं. पहिल्या वर्षातलं इन्फेक्शन 'लवकरचं' धरतात. ते बहुतेक वेळा ऑपरेशनच्या टेबलावर किंवा नंतर आयसीयूतल्या नळ्या, कॅथेटर, छातीची जखम यांतून येतं. यात कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस गटातले जंतू पुढे असतात. त्यातला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस इतका संथ असतो की टेबलावर शिरला तरी कित्येक महिने गप्प राहू शकतो. वर्षानंतरच्या इन्फेक्शनमध्ये तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस आणि आतड्यातले, लघवीच्या मार्गातले एंटेरोकॉकस वाढतात, स्टॅफिलोकॉकस मात्र तेव्हाही असतातच. तुमच्या आईंचा चौदावा महिना म्हणजे अगदी वेशीवर. दोन्ही शक्यता डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतील.

एक दुर्मीळ प्रकार सांगून ठेवतो, कारण त्यात टीबीच्या जातकुळीतलाच जंतू आहे. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनसोबत रक्ताचं तापमान राखणारं एक यंत्र असतं, त्यात पाण्याची टाकी असते. गेल्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये आणि मग इतर देशांत लक्षात आलं की त्या टाकीतल्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम किमेरा नावाचा जंतू यंत्राच्या पंख्याच्या हवेबरोबर उडून उघड्या छातीत पोचतो आणि कधी कधी काही वर्षांनी झडपेत आजार उभा करतो. नेहमीच्या कल्चरमध्ये तो उगवत नाही, त्याला खास कल्चर लागतं. तुमच्या आईंना तो असेल असं मी म्हणत नाही, शक्यता फार थोडी आहे. पण सगळं निगेटिव्ह येत राहिलं तर तपासणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत शेवटी का होईना तो असावा.

आता टीबीच्या औषधांबद्दल. महाराष्ट्रात महिनाभराचा ताप आणि उतरलेलं वजन म्हटलं की एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स, आठवते, आणि त्यात काही चुकीचं नाही, टीबी आपल्याकडे आहेच. पण धातूची झडप असलेल्या बाईला 'देऊन बघू' म्हणून एकेटी देता येत नाही, कारण त्यात रिफॅम्पिसिन असतं. तुमची आई रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफॅरिन घेत असणार. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. रिफॅम्पिसिन यकृताला कामाला लावतं, यकृत ही गोळी भराभर निकामी करतं आणि एक-दोन आठवड्यांत आयएनआर कोसळतो. पूर्वीच्याच डोसवर राहिलेल्या रुग्णाची झडप मग गुठळीने अडकते. ऐन रात्री दम लागून आलेला, झडपेचा टिकटिक आवाज बंद पडलेला रुग्ण ज्याने पाहिला आहे तो या जोडीला फार जपतो.

दुसरा धोका निदानाचा. रिफॅम्पिसिन हे स्टॅफिलोकॉकसवरचंही चांगलं औषध आहे, पण एकट्याने कधीच नाही. एकटं दिलं की जंतू काही दिवसांत त्याला दाद देईनासा होतो. एकेटीतली बाकीची नेहमीची औषधं या जंतूवर चालत नाहीत, म्हणजे झडपेपुरतं ते एकटंच पडतं. ताप थोडा कमी होतो, घरचे म्हणतात टीबीच होता, कल्चर आणखी निगेटिव्ह येतात आणि पुढे खरोखर गरज पडते तेव्हा हे औषध हातातून गेलेलं असतं. थुंकीत, गाठीत, कुठेतरी टीबी पक्का सापडला तर औषधं द्यायचीच, फक्त आयएनआर आठवड्यातून दोनदा पाहत, गोळीचा डोस वाढवत. अंदाजाने मात्र नको.

विडालबद्दल थोडकं. आपल्या भागात पूर्वी टायफॉइड होऊन गेलेल्या किंवा लस घेतलेल्या कितीतरी धडधाकट माणसांची विडाल थोडीफार पॉझिटिव्ह येते, दुसऱ्याच तापातही येते. झडपेच्या रुग्णात त्या एका कागदावर शिरेतलं अँटिबायोटिक सुरू करणं म्हणजे पुरावा पुसून टाकणं. टायफॉइडचाही खरा पुरावा ब्लड कल्चरच आहे, तेव्हा काही झालं तरी बाटल्या आधी भरायच्या.

या आजारातलं बहुतेक सगळं कल्चरवर अवलंबून आहे आणि सगळ्यात जास्त ढिलाई तिथेच होते, म्हणून कल्चर कसं घ्यायला हवं ते तपशिलात सांगतो. एकदा नाही, तीनदा, तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून, दोन वेळांमध्ये निदान अर्धा तास ठेवून. प्रत्येक वेळी दोन बाटल्या, प्रत्येकीत आठ-दहा मिलिलिटर रक्त. आधीच लावलेल्या इंट्राकॅथमधून (सलाइनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीतून) रक्त काढायचं नाही, ताजी शीर टोचायची. कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसून पूर्ण वाळू द्यायची आणि मग त्या जागी बोट लावून शीर पुन्हा चाचपायची नाही. बाटलीचं रबरी बूचही स्पिरिटने पुसायचं. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण रात्री घेतलेल्या बाटल्या सकाळपर्यंत 'नीट राहाव्यात' म्हणून फ्रिजमध्ये गेलेल्या मी पाहिल्या आहेत. ताप चढायची वाट पाहायचीही गरज नाही. झडपेच्या इन्फेक्शनमध्ये जंतू रक्तात सतत झिरपत असतात, ताप असो वा नसो.

तीनदा कशासाठी, असं रुग्णाचे नातेवाईक नेहमी विचारतात, आणि रास्त विचारतात, एकेका बाटलीचे पैसे पडतात. कारण असं की स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो. एकाच बाटलीत तो उगवला तर सुईबरोबर कातडीवरून आला की झडपेवरून, हे कुणालाच सांगता येत नाही. तीन जागांच्या तीन नमुन्यांत तोच उगवला तर वाद मिटतो. एरवी 'कंटॅमिनेशन' म्हणून सोडून देता येणारा हाच जंतू कृत्रिम झडपेत मुख्य आरोपी असतो. लॅबला चिठ्ठीवर 'कृत्रिम झडप आहे' एवढं लिहून पाठवलं तरी ते अशा उगवणीकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

तुमच्या आईंचं कल्चर दोन कोर्स झाल्यानंतर घेतलेलं आहे, बहुधा एकच बाटली असेल. त्या 'नो ग्रोथ'चा अर्थ जवळपास काहीच नाही. त्या स्थिर असतील, म्हणजे दम नाही, बीपी ठीक, शुद्ध ठीक, तर हॉस्पिटलात नजरेखाली ठेवून, काही दिवस कुठलंही अँटिबायोटिक न देता कल्चर पुन्हा घेणं हा मार्ग पुष्कळदा उपयोगी पडतो. हा निर्णय तिथल्या डॉक्टरांनी घ्यायचा, घरी बसून नाही. तरीही काही उगवलं नाही तर काही जंतू रक्तातल्या अँटिबॉडी तपासून शोधावे लागतात: ब्रुसेला, कॉक्सिएला, बार्टोनेला. तुम्ही शेती लिहिलीये, म्हणून विचारतो. घरात गाय, म्हैस, शेळ्या आहेत का? गेल्या वर्षभरात एखादी व्यायली, गाभडली, तेव्हा आईंनी वार किंवा पिल्लू हाताळलं का? दूध कच्चं पिण्यात येतं का? डॉक्टर विचारोत न विचारोत, हे आपणहून सांगा. साध्या कल्चरने हुकलेलं निदान कधी कधी गोठ्यात सापडतं.

इकोचं कोडं त्या मानाने सोपं आहे. छातीवरून इको करताना आवाजाच्या लहरी पुढून येतात आणि धातूवर आदळून परत फिरतात, झडपेच्या मागे सावली पडते. मायट्रल झडपेच्या मागे डावा वरचा कप्पा असतो आणि व्हेजिटेशन बहुधा त्याच बाजूला धरतात, म्हणजे नेमके सावलीत. अन्ननलिका मात्र त्या कप्प्याला मागून अगदी चिकटून जाते. म्हणून घशातून नळी उतरवून केलेला इको, ज्याला आम्ही टीईई म्हणतो, त्याच जागेकडे मागून, आडपडदा नसताना पाहतो. कृत्रिम झडपेत छातीवरचा इको साधारण निम्मी इन्फेक्शनं चुकवतो, टीईई फार थोडी चुकवतो. लातूरचा रिपोर्ट खोटा नाही, पण त्याने जे पाहिलं तेवढंच तो सांगतोय. टीईईने घाबरून जाऊ नका, घसा बधिर करून, थोडी गुंगी देऊन करतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. तोही नॉर्मल आला आणि संशय कायम असला तर पाच-सात दिवसांनी परत करायचा असतो. त्यापुढे हृदयाचा सीटी आणि पेट-सीटी आहेत. पेट-सीटीत झडपेभोवती दाह असेल तर ती जागा पेटलेली दिसते. कृत्रिम झडपेच्या निदानात आता त्याला अधिकृत स्थान आहे, निदानाच्या ड्यूक निकषांच्या २०२३ च्या आवृत्तीतही. मात्र महाग आहे आणि मोठ्या शहरांतच मिळतो, म्हणून कल्चर आणि टीईई झाल्यावरच त्याचा विचार करावा.

तोवर घरी काय पाहायचं? डोळ्याची खालची पापणी ओढून आतल्या लालीत बारीक रक्ताचे ठिपके, नखांखाली काडी मोडून बसल्यासारख्या उभ्या तपकिरी रेघा, बोटांच्या टोकांना दुखऱ्या गाठी. नसले म्हणून आजार नाही असं नव्हे, पण असले तर फोटो काढून ठेवा, यातल्या काही खुणा थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. झडपेचा आवाज बदलला, दबका झाला, तर त्याच दिवशी निघा. दम लागणं, पायावर सूज, चक्कर येऊन पडणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळा पडणं, यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. लकव्याच्या वेळी कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात 'धातूची झडप, पाच आठवडे ताप, रक्त पातळ करायची गोळी चालू' हे तिन्ही सांगा. झडपेच्या इन्फेक्शनमधून मेंदूत तुकडा गेलेला असताना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती मोठी असते, म्हणून ते टाळतात.

उपचार लांबलचक आहे, हे आधीच पचवून घ्या. कृत्रिम झडपेत शिरेतून अँटिबायोटिक, आणि तेही निदान सहा आठवडे. कोणतं, हे जंतू ठरवतो. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, एंटेरोकॉकस असेल तर बहुधा अ‍ॅम्पिसिलिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची जोडी. स्टॅफिलोकॉकस असेल तर व्हँकोमायसिन किंवा त्या जातीला चालणारं दुसरं औषध, जोडीला पहिले दोन आठवडे जेंटामायसिन, आणि रक्तातले जंतू आटोक्यात आल्यावर, काही दिवसांनी, रिफॅम्पिसिन. म्हणजे जे औषध मी अंदाजाने देऊ नका म्हटलं तेच इथे योग्य सोबतीत, योग्य वेळी कामाला येतं, कारण त्या चिकट थरात शिरण्यात त्याच्याइतकं तरबेज औषध दुसरं नाही. जेंटामायसिन मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देऊ शकतं, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वारंवार पाहतात. आई 'कानात गूंज येते' म्हणाल्या तर थट्टेवारी न्यायचं नाही.

सहा आठवडे हॉस्पिटलात राहणं घराला परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पोएट अभ्यासात असं दिसलं की निदान दहा दिवस शिरेतून औषध घेऊन स्थिर झालेल्या, निवडक रुग्णांना उरलेला कोर्स तोंडाने दिला तरी निकाल वाईट होत नाही. त्यात कृत्रिम झडपेचे रुग्णही होते. पण तिथे गोळ्यांची जोडी जंतू पाहून ठरवलेली होती आणि रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा तपासले जात होते. कल्चर निगेटिव्ह असलेल्या रुग्णाला हा रस्ता दाखवणं अवघड. बघा, पहिल्या दिवशी नीट घेतलेलं कल्चर इथे घराचे किती पैसे वाचवू शकतं.

परत ऑपरेशन लागेल का? जवळपास निम्म्या रुग्णांना लागतं. झडप सुटत चालली आणि हृदय थकलं, कड्याभोवती पू धरला, बुरशीचं इन्फेक्शन निघालं, योग्य औषधावरही आठवड्यानंतर कल्चर पॉझिटिव्ह येत राहिलं, मोठ्या व्हेजिटेशनचे तुकडे उडायला लागले, तर नुसत्या औषधावर थांबणं धोक्याचं. महाधमनीच्या झडपेत पू हृदयाच्या विजेच्या तारांपर्यंत लवकर पोचतो, म्हणून तिथे रोज ईसीजी काढून एक विशिष्ट अंतर लांबतंय का ते पाहतात. मायट्रलमध्ये हे कमी घडतं, पण रोजचा ईसीजी काढायला काय जातंय. दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जोखमीचं असतं, चिकटलेल्या भागांतून वाट काढावी लागते. तरी गरज असताना लांबवण्यात फायदा नसतो. 'आधी सहा आठवड्यांचा कोर्स पूर्ण करू, मग बघू' हे ऐकायला समंजस वाटतं, पण हृदय थकत चाललेल्या रुग्णात ते अंगाशी येतं. म्हणूनच म्हणतो, सर्जन ज्या इमारतीत आहे तिथे भरती करा.

आकडा विचारलात नाही, तरी सांगतो, कारण अंधारात ठेवणं बरं नाही. या आजारात हॉस्पिटलातच दगावणाऱ्यांचं प्रमाण साधारण २० ते ४० टक्के सांगितलं जातं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हृदय थकलेलं असणं, मेंदूत गेलेला तुकडा, यांनी ते वाढतं. पाच आठवडे चालतं-बोलतं राहिलेल्या, दम नसलेल्या रुग्णाची बाजू त्या मानाने बरी असते.

टाळता आलं असतं का, याचं उत्तर तुमच्या आईंपुरतं कुणालाही देता येणार नाही, आणि कुणाच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. कृत्रिम झडप असलेल्या शंभर माणसांत वर्षाला एखाद्यालाच हे होतं, तेही सगळी काळजी घेऊन. पण पुढे झडप राहणारच आहे, म्हणून उपयोगाचं सांगतो.

सगळ्यात वर दात. ऑपरेशनआधी आम्ही डेंटिस्टचं पत्र मागतो तेव्हा लोक वैतागतात, पण किडलेले दात निदान दोन आठवडे आधी उरकलेले असावेत, हे त्यामागचं कारण. ऑपरेशननंतर मात्र दातांकडे कुणी पाहत नाही. आपल्या बायकांमध्ये मिश्रीची सवय किती आहे ते मी सांगायला नको. हिरड्या सुजलेल्या, घासताना रक्त, आणि त्यावर रोज दोनदा तंबाखू चोळायची. मिश्री सुटली आणि वर्षातून दोनदा हिरड्या दाखवल्या, तर मिळणारं संरक्षण कुठल्याही कॅप्सूलपेक्षा जास्त आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये दातांच्या कामाआधीचं अँटिबायोटिक सरसकट सगळ्या हृदयरुग्णांसाठी बंद करून ठरावीक जास्त जोखमीच्या लोकांपुरतं ठेवलं, त्यामागे हाच विचार होता: दात काढणं वर्षात एकदा, चावणं आणि घासणं रोज. कृत्रिम झडपवाले मात्र त्या जास्त जोखमीच्या यादीत तेव्हाही होते, आजही आहेत. हिरडीला हात लागणार असेल, दात काढायचा, मुळाचं काम करायचं, तर अर्धा ते एक तास आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम. एकदाच. नंतरचा पाच दिवसांचा कोर्स हे प्रतिबंधाचं औषध नाही. पेनिसिलिन सोसत नसेल तर दुसरी औषधं आहेत, फक्त क्लिंडामायसिन आता त्या यादीतून काढलं आहे.

तुमच्या आई ऱ्हुमॅटिकसाठी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत असतील. ते ऱ्हुमॅटिक ताप परत येऊ नये म्हणून आहे, झडपेच्या इन्फेक्शनपासून ते वाचवत नाही. शिवाय सतत पेनिसिलिन चालू असलेल्यांच्या तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात, म्हणून दातांच्या वेळी वेगळ्या गटातलं औषध द्यावं लागतं. डेंटिस्टला हे इंजेक्शन चालू आहे असं सांगायचं. आणि दात काढायचा म्हणून अ‍ॅसिट्रॉम परस्पर बंद करायची नाही, आधी आयएनआर पाहून हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

बाकी कातडी. भेगाळलेल्या टाचा, चिघळलेलं केस्तूड, मधुमेहाची जखम, यांतून स्टॅफिलोकॉकस थेट रक्तात जातो. अशक्तपणासाठी सलाइन लावून घ्यायची जी आवड आपल्याकडे आहे, ती झडपवाल्यांनी सोडलेली बरी. दोन दिवस हातात राहिलेल्या इंट्राकॅथची जागा लाल झाली, दोरीसारखी कडक झाली, की ती काढायचीच. ताप आला की कमरेत टोचून घेणंही नको, आयएनआर तीनच्या आसपास असताना तिथे रक्ताची गाठ होते आणि ती गाठ पिकू शकते.

आता निघण्याचं. फाइलमध्ये ऑपरेशनचा कागद, झडपेचं कार्ड ज्यावर तिचा प्रकार आणि आकार लिहिलेला असतो, डिस्चार्जच्या वेळचा इको आणि आयएनआरची वही घ्या. डिस्चार्जचा इको फार कामाचा, कारण आजच्या झडपेची तुलना त्याच्याशीच करायची आहे. गेल्या पाच आठवड्यांत दिलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव, पहिली आणि शेवटची तारीख एका कागदावर लिहा. मेडिकलवाल्याकडून बिलं परत मिळतात, कुपी सापडली तर तीही न्या. मधल्या काळात ताप चढला तर पॅरासिटामॉल ५०० ची गोळी चालेल, पण रोज तीन-चार घेऊ लागल्या तर आयएनआर वाढतो, तेव्हा तपासून घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, अ‍ॅसिट्रॉमवर असताना पोटात रक्तस्राव होतो. आणि रिफॅम्पिसिन पुढे खरंच द्यावं लागलं, तर ते बंद होईल त्या दिवसापासून आयएनआर दर तीन-चार दिवसांनी पाहा. औषधासाठी वाढवलेला अ‍ॅसिट्रॉमचा डोस तेव्हा तसाच राहिला तर दोन-तीन आठवड्यांत आयएनआर पाच-सहाच्या वर जातो.